वहिनीची बरणी

१

पहिल्या धारेची म्हटलं की भल्याभल्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. आमच्या घरात मात्र पहिली धार कोणी पीत नसे. दादा म्हणायचा, पहिल्या धारेचं कौतुक करणारा माणूस एक तर स्वतः दारू गाळत नाही, नाही तर त्याला आता दिसत नाही.

दादा माझा मोठा भाऊ. जन्मभर नळकाम केलं. लोकांच्या न्हाणीघरांतून उरलेली तांब्याची नळी घरी आणून त्याने तिचं वेटोळं वळवलं, एका हंड्याला घट्ट झाकण बसवलं आणि स्वयंपाकघरामागच्या खोलीत भट्टी उभी केली. मागे नासपतीचं एक झाड आहे. ते एवढं फळतं की खाऊन, वाटून, शेजारी दार लावून घेईपर्यंत देऊनही फळं उरतात. आमच्याकडे घरापुरती गाळली तर कोणी विचारायला येत नाही. तेव्हा रविवारी सकाळी भट्टी, हा घरचा शिरस्ता झाला.

काम तसं कंटाळवाणं. आंबलेला रस हंड्यात, खाली मंद जाळ, आणि वेटोळ्याच्या तोंडाशी काचेच्या बरण्या. एक भरली की दुसरी. भरतील त्या क्रमाने फळीवर ओळीने मांडायच्या, कारण सगळा खेळ त्या क्रमाचा. सुरुवातीला येतं ते जहाल, डोळ्यांत पाणी आणणारं. शेवटी येतं त्याला ओल्या पुठ्ठ्याचा वास. पिण्याजोगं तेवढं मधलं. कुठे तोडायचं ते नाक ठरवतं, आणि तेही लगेच नाही. बरण्या रात्रभर पातळ फडक्याखाली उघड्या ठेवायच्या, उग्र वास उडून जाऊ द्यायचा, आणि सकाळी दादा एकेक हुंगत ओळीच्या कडेने चालायचा. ही टाक, ही टाक, ही ठेव.

पहिली बरणी मात्र हुंगायची गरजच नसे. ती वहिनीची. रस्त्याकडच्या खोलीत वहिनीचं ब्यूटी पार्लर होतं. पहिल्या धारेला नेलपॉलिश पुसायच्या पाण्यासारखाच वास येतो, आणि काम जवळजवळ तेच करते. आरसे पुसायला, कात्र्या पुसायला, फरशीवर सांडलेला रंग काढायला वहिनी ती बरणी घेऊन जायची. विष म्हणून ओतून द्यायचं ते आमच्याकडे असं कामी यायचं. बरणी किती भरली ते ती नख मारून ऐकायची. टिक, टिक. मग माझ्याकडे बघून म्हणायची, "भाऊजी, जगाचे नंबर काढता, तुमचा नंबर कधी लागायचा?" मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो आणि माझं लग्न झालेलं नाही, म्हणून हा विनोद. दर रविवारी तोच. तिच्या हातांना नेहमी त्या बरणीचा वास यायचा.

ती गेली. ताप आला, हॉस्पिटलात नेलं, चार लोक म्हणतात तसं सगळं केलं, आणि ती गेली. लोक भेटायला आले तेव्हा मी सगळ्यांना खुर्च्या दिल्या. कोणाला साखर किती ते विचारून चहा दिला. रडू आलं नाही. पुढे येईल असं वाटलं होतं, पण तेही राहून गेलं.

२

त्या वर्षीची फळं झाडाखालीच सडली. दुसऱ्या वर्षी एका रविवारी मी उठलो तर मागच्या खोलीत हंडा घासल्याचा आवाज येत होता. दादा उकिडवा बसून घासत होता. दाढी केलेली नव्हती, पण हात चालत होते. बाह्या वर केल्या आणि बरण्या धुवायला घेतल्या.

धार सुरू झाली. पहिली बरणी भरली तेव्हा दोघांचेही हात थांबले. तो बरणीकडे बघेना, मी त्याच्याकडे बघेना. शेवटी मी ती उचलली, खोलीच्या कोपऱ्यात मोरी आहे तिथे नेली आणि ओतली. वर दोन तांबे पाणी ओतलं. बरणी विसळून पालथी घातली. दादाने दुसरी लावली होती. ती भरल्यावर ओळीत पहिल्या जागेवर ठेवली आणि काम पुढे गेलं.

सोमवारी सकाळी दादाने फडकं उचललं. मी दारात चहा पीत उभा होतो. तो ओळीच्या सुरुवातीला गेला आणि तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "तू ओतली होतीस ना?"

ओळीत पहिलीच्या आधी एक बरणी होती. काठोकाठ भरलेली.

मी ओतलीच होती. मोरीकडे बघितलं. पालथी घातलेली बरणी तिथे नव्हती. याचा अर्थ अगदी सरळ होता. दादाने रात्री उठून ती बरणी उचलली आणि बाकीच्यांतलं थोडं थोडं त्यात भरलं. बायको गेलेला माणूस काय वाट्टेल ते करतो. मी इतर बरण्यांकडे नीट पाहिलं. त्या जशा भरल्या होत्या तशाच होत्या. असेल, हंड्यात तळाशी काही राहिलं असेल.

दादा वाकून हुंगत होता. एरवी त्या वासाने मान मागे घ्यायचा. त्या दिवशी डोळे मिटले आणि कितीतरी वेळ तसाच राहिला. "मी नाही ठेवली," तो म्हणाला. "मला वाटलं, तूच ठेवलीस." मी म्हटलं, मीही नाही. आम्ही दोघांनी एकमेकांवर विश्वास ठेवला नाही आणि ते दोघांनाही सोयीचं होतं.

ती बरणी त्याने ओतायला दिली नाही. फळीच्या टोकाला, भिंतीशी सरकवून ठेवली.

३

पुढच्या रविवारी मी लक्ष ठेवून होतो. पहिली बरणी भरल्यावर ओतली, विसळली आणि ती सरळ माझ्या खोलीत नेऊन कपाटात ठेवली. रिकाम्या बरण्या सगळ्या माझ्या दुकानात नेऊन ठेवल्या. म्हणजे घरात फळीवरच्या सोडून एकही बरणी नाही. मनात म्हटलं, आता बघू दादा कशात भरतो.

दुपारी जेवून आडवा झालो तेव्हा मागच्या खोलीतून आवाज आला. टिक. थोडं थांबून पुन्हा टिक. हंडा निवताना तांबं आवळतं, काचही आवळते, असे आवाज होतात. हे मला पक्कं माहीत आहे. तरी मी उठून बसलो आणि ऐकू लागलो. आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात होता. ओळीच्या कडेने. प्रत्येक बरणीवर एकदा. मी उठून गेलो नाही. का गेलो नाही याचं उत्तर मी स्वतःला असं दिलं की तांबं निवताना बघण्यासारखं काय असतं.

सोमवारी पहिलीच्या आधी बरणी होती.

मी खोलीत जाऊन कपाट उघडलं. माझी रिकामी बरणी तिथेच होती. फळीवरची बरणी मी हातात घेतली. ती आमच्या बरण्यांपैकीच वाटत होती, जॅमची, कडेला लेबल खरवडल्याची खूण. पण असली बरणी कोणत्याही घरात असते. काच गार होती. बाकीच्या बरण्या खोलीइतक्याच उबदार, ही मात्र गार. दादा मागे येऊन उभा राहिला आणि लहान मुलाच्या हातातून काचेची वस्तू काढून घ्यावी तशी त्याने ती माझ्याकडून घेतली.

त्या दिवशी त्याने दाढी केली. जेवणात दुसरी पोळी मागितली. बऱ्याच महिन्यांनी नळाच्या कामाचा एक किस्सा सांगितला, कोण्या वकिलाच्या घरी मोरीत दातांची कवळी सापडली तो. मी हसलो. मला बरं वाटायला हवं होतं. आपला भाऊ सावरतोय हे कळत होतं, आणि एवढ्यावर मी समाधान मानलं.

असं मग दर आठवड्याला होत राहिलं. त्याबद्दल आम्ही बोलायचं सोडलं. माणूस कशालाही सरावतो म्हणतात ते खोटं नाही. भिंतीशी सरकवलेल्या बरणीतला माल हळूहळू खाली जायचा, सोमवारी नवी यायची. उघडी ठेवली की उडणारच, हे माझं उत्तर. पहिली धार सगळ्यांत आधी उडते, त्यात नवल नाही.

४

दादा दुकानात आला तो आपणहून. चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणाला. मी त्याला खुर्चीत बसवलं आणि समोरचा तक्ता लावला. वर्षभरापूर्वी त्याने शेवटची ओळ वाचून मला वेडावून दाखवलं होतं. आता तिसऱ्या ओळीशीच अडखळला.

मी भिंगं बदलत गेलो. या कामात तोंडात एकच वाक्य बसलेलं असतं. आता बरं दिसतंय, की मघाशी? दादा प्रत्येक वेळी म्हणाला, सारखंच. डावा डोळा, सारखंच. उजवा डोळा, सारखंच. भिंगाने सुटणारा दोष असा नसतो. कुठल्या तरी भिंगाला फरक पडतोच. मी विचारलं, नेमकं कसं दिसतं? तो म्हणाला, वाईट नाही. सगळ्यावर पांढरं आहे. वाफेने आरसा भरतो ना, तसं.

मी हातातली भिंगं खोक्यात एकेक करून ठेवली. जागच्या जागी. मग दुकानाचं दार आतून लावलं आणि विचारलं, "तू ती पितोस का?"

"पीत नाही रे. झाकणभर. नुसता ओठ ओला करतो."

"दादा, तू मला शिकवलंस ती काय आहे ते."

"माहीत आहे मला काय आहे ते." तो खुर्चीत ताठ बसला होता, हात मांड्यांवर, जसा नंबर तपासायला बसतात तसा. "वास घेतला की ती खोलीत आहे असं वाटतं. ओठाला लावली की ती शेजारी बसते. दिसत नाही. नुसती आहे एवढं कळतं. आरसे पुसून आली की बसायची ना खाटेच्या कडेला, तशी."

मी त्याला नाकाचा आणि आठवणीचा संबंध समजावून सांगितला. नेलपॉलिशचा वास, तिचे हात, वर्षानुवर्षांची सवय. सगळं बरोबर सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि बरणी कोण भरतं?"

यावर मी म्हणालो की तूच भरतोस, झोपेत. तो हसला. तुझी नजर चांगली आहे, म्हणाला, तुला कधी दिसली तर मला सांग. सांगशील ना? मी हो म्हटलं. रोग्याला आपण हो म्हणतो तसं.

५

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. तपासलं, रक्त काढलं, दोन दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं. दादाला बाहेर बसवून त्यांनी मला आत घेतलं. डोळ्यामागच्या नसेवर सूज आहे. थेंबही पोटात गेला नाही तर जेवढं दिसतंय तेवढं टिकेल, थोडं परतही येईल. गेला तर डोळे जातील, आणि ते जिवाच्या आधी जातील एवढंच. त्यांनी एकदा विचारलं की घरात आणखी कोण असतं. मी म्हटलं, आम्ही दोघेच.

दादाला मी जसंच्या तसं सांगितलं. त्याने मान डोलावली, पुन्हा ओठाला लावणार नाही असं वचन दिलं. घरी आल्यावर स्वतःच पाना मागितला. चाचपडत त्याने वेटोळं सोडवलं, झाकण काढलं, सांधे मोकळे केले. आयुष्यभराचं काम हाताला पाठ होतं. मी हंडा भंगारवाल्याकडे दिला, नळीही दिली. उरलेल्या बरण्या फोडून कचऱ्यात टाकल्या. आंबत ठेवलेला रस झाडाच्या मुळाशी ओतला. फळी पुसली. खोलीत आता फळी, मोरी आणि भिंतीवर जाळाचा काळा डाग एवढंच राहिलं. वासही राहिला नाही. निदान मला तरी येत नव्हता.

दादा दिवसभर स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसू लागला. रेडिओ ऐकायचा. मी दुकानातून येताना भाजी आणायचो, त्याला विचारून करायचो. तो पुन्हा दाढी करेनासा झाला. पण पंधरवड्याने मी तक्ता घरी आणून भिंतीला लावला तेव्हा त्याने तिसरी ओळ पुरी वाचली आणि चौथीतली दोन अक्षरं. मी म्हटलं, बघ. तो म्हणाला, हो, दिसतंय.

त्याच्या आवाजात काही नव्हतं. मला वाटलं, होईल. माझ्याही आवाजात बरेच दिवस काही नव्हतं आणि माझं ठीक चाललं होतं.

६

सोमवारी सकाळी मी चहा ठेवला आणि बघितलं तर दादा खुर्चीत नव्हता. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत तो फळीपुढे उभा होता, चेहरा फळीच्या टोकाकडे, आणि हाताने हळूहळू चाचपत पुढे सरकत होता. टोकाला, भिंतीशी, बरणी होती.

भट्टी नव्हती. हंडा नव्हता. घरात काचेची एकही बरणी नव्हती. मी सगळं माझ्या हातांनी बाहेर काढलं होतं. हे आठवत मी उभा राहिलो आणि माझ्या डोक्यात एकही उत्तर आलं नाही. तेवढ्यात दादाची बोटं काचेला लागली.

मी पुढे होऊन त्याचं मनगट धरलं. तो ओढेल असं वाटलं होतं. त्याने ओढलं नाही. मी त्याला धरून स्वयंपाकघरात आणलं, खुर्चीत बसवलं. त्याच्या समोर बसलो. सांगितलं की चहा उकळतोय.

"मी वचन मोडत नाही," तो म्हणाला. "पण ती तिकडे उभी असेल आणि मी इकडे डोळे सांभाळत बसलो असेन, तर काय करायचेत हे डोळे?"

"तिकडे कोणी नाही."

"तू बघितलंस?"

मी बघितलं नव्हतं. मी बरणी बघितली होती.

"मग बघ," तो म्हणाला. "नीट बघ, भिंगं बघतोस तसं. ती नाही म्हणालास तर मी मानेन. तुझ्या हाताने ओत, मी पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकणार नाही. आणि असली तर मला सांग. मग मला अडवू नकोस."

मी चहा गाळला. त्याच्या हातात कप दिला, दोन्ही हातांनी धरला की नाही ते पाहिलं, आणि गेलो.

७

खोलीत ऊन आलं होतं. खिडकीतून तिरपी पट्टी फळीवर पडली होती आणि बरणी तिच्यात उभी होती. आतला माल पाण्यासारखा स्वच्छ. पहिली धार दिसायला नेहमीच सगळ्यांत सुंदर असते. दार मी मागे उघडंच ठेवलं. दादाने बशीत कप ठेवल्याचा आवाज आला.

मी बरणी उचलायला गेलो. ती आली नाही. फळीला चिकटली असेल म्हणून जरा फिरवून ओढली. ती थोडी माझ्याकडे आली आणि परत गेली. चिकटलेली वस्तू अशी परत जात नाही. कोणी सहज हातात धरलेली वस्तू आपण ओढली की जाते तशी ती गेली.

मी हात काढला नाही. खरं सांगायचं तर भीती वाटली नाही. खूप दिवस पाय वाकडा ठेवून बसलं की तो आपला वाटत नाही, तसं सगळं झालं होतं. मी फक्त बघत होतो. मला बघायलाच पाठवलं होतं.

भरलेली गोल बरणी म्हणजे एक भिंगच. पलीकडचं उलटं दाखवते, जवळचं मोठं दाखवते. तेव्हा मालाच्या पलीकडे मला बोटं दिसली ती माझीच असणार. माझा उजवा हात बरणीच्या गळ्याला होता, डावा तळाशी. मी डावा हात काढून पाठीमागे नेला. बोटं तिथेच राहिली. उजवा हात वर सरकवला. तरी राहिली. बरणीच्या मागच्या बाजूने, काचेला टेकलेली चार बोटं. लांब नखं, त्यांवर गडद रंग. एका बोटावर मात्र रंग नव्हता. अंगठ्याशेजारचं.

हॉस्पिटलात बोटाला तो ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात. नखावर रंग असला तर तो नीट दाखवत नाही. नर्सने मला सांगितलं होतं की एका बोटाचा रंग पुसून टाका. मी घरी धावलो, पार्लरमधून तिची पहिल्या धारेची बरणी आणली, कापूस बुडवला आणि पुसला. वहिनी शुद्धीवर होती. हात माझ्या हातात दिला होता आणि म्हणाली होती, भाऊजी, एकच पुसलंत तर किती घाण दिसतं, बाकीचीही पुसा की. मी म्हटलं होतं, घरी आल्यावर पुसू. हे मी दादाला कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही नाही असं मला वाटत होतं.

बरणीच्या वर, जिथे काच संपत होती, तिथे मी बघितलं नाही. मान थोडी वर केली असती तर दिसलं असतं. मी बोटांकडेच बघत राहिलो. रंग नसलेल्या नखाने काचेवर हळूच टिचकी मारली. टिक. बरणी किती भरली आहे ते ऐकत होती.

"काय रे?" दादाने स्वयंपाकघरातून विचारलं.

मला रडू येऊ लागलं होतं. इतक्या महिन्यांनी आणि नेमकं तेव्हा.

"आहे का ती?"

तिच्या ओढीने माझा भाऊ आंधळा होईल आणि मग मरेल, हे मला माहीत होतं. हेही माहीत होतं की मी हो म्हटलं तर तो आत्ता उठेल, भिंत धरून येईल, आणि ते दोघं या खोलीत पुन्हा एकत्र असतील, आणि तो फार सुखात असेल. काही दिवस. माझ्या हाताखाली बरणीतला माल हलत होता. त्याच्या पलीकडची बोटं मात्र स्थिर होती.

"खरं सांग," दादा म्हणाला. खुर्ची सरकली.

"नाही," मी म्हणालो. आवाज नीट आला नाही म्हणून पुन्हा म्हणालो, मोठ्याने, शेजारच्या खोलीत स्पष्ट ऐकू जाईल असं. "इथे कोणी नाही, दादा. मी एकटाच आहे."

मग बरणी माझ्या हातात आली. सुटली नाही, निसटली नाही. समोरच्याने पुढे करावी आणि आपण घ्यावी, तशी आली. तिचं सगळं वजन मला एकदम कळलं.

मी मोरीपाशी गेलो आणि ओतली. वास इतका आला की डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि मी ते पुसलं नाही. वर दोन तांबे पाणी ओतलं. मागे वळलो तेव्हा फळीवर नुसतं ऊन होतं.

स्वयंपाकघरात दादा खुर्चीशेजारी उभा होता. त्याने विचारलं, ओतलीस? मी म्हटलं, ओतली. तो माझ्या जवळ आला, हात पुढे करून त्याने माझा चेहरा चाचपला आणि ओले गाल त्याच्या बोटांना लागले. मग त्याने हात खाली घेतला, खुर्चीत बसला आणि रेडिओ लावला.

त्याने मानलं. पुन्हा कधीच विचारलं नाही. आता तो चौथी ओळ वाचतो.